सभेत बसलेले घमेले

मित्रांनो, घमेल्याला माणसे डोक्यावर घेतात, पण त्याचे म्हणणे कुणी विचारत नाही. तरीही आज मी बोलणार आहे. मी एक जुने लोखंडी घमेले आहे आणि गावच्या सभेत बसण्याचा मान मला मिळालेला आहे.

माझा जन्म नागपूरच्या एका कारखान्यात झाला. पत्रा दाबून मला आकार दिला, कडा वळवल्या आणि ट्रकमधून मी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या बाजारात आले. तेथे चंद्रकलाने मला उचलले. मडके वाजवून पाहतात तसे तिने बोटांनी मला वाजवले आणि नवऱ्याला, सुखदेवला, म्हणाली, "हे घेऊ. तुमच्यापक्षा आवाज चांगला हाय याचा."

चंद्रकला शेतमजूर होती. तिथून जवळच, रामाकोना गावाच्या अलीकडे एका लहान गावात, नाल्याकाठच्या बौद्ध वस्तीत तिचे घर होते. मी तिच्याबरोबर संत्र्याच्या बागांत शेणखत वाहिले, कपाशीच्या वावरातले गोटे वाहिले. संध्याकाळी ती मला राखेने घासून भिंतीला टेकवून ठेवी. ते माझे चांगले दिवस होते.

मग सलग दोन वर्षे पाऊस कमी झाला. वस्तीची विहीर हिवाळ्यातच तळाला गेली. बायका नाल्याच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीने पाणी भरू लागल्या. वरच्या अंगाला सरपंच भाऊरावांच्या बागेत संत्र्याची झाडे वाळू लागली. अशा वेळी नाल्यावर बंधारा मंजूर झाला, पण एकच. वर बागांजवळ बांधला तर पाणी तेथेच अडणार आणि विहीर कोरडी पडणार. खालच्या वळणावर बांधला तर विहीर भरणार, पण बागा लांब राहणार. बंधाऱ्याचे काम पाहणारे सरकारी ओव्हरसियर म्हणाले, "दोन्ही जागा चालतील. गावाने हात वर करून ठरवावे."

आमच्या गावात सभेची एक रीत होती. ओट्यावर सतरंजी अंथरत आणि तिच्यावर बागायतदार बसत. मजूर आणि साऱ्या बायका कडुनिंबाखाली उभ्या राहत. हात मोजायचे ते बसलेल्यांचेच. असे कुठे लिहिलेले नव्हते, पण कुणाला ते खटकतही नव्हते.

सभेच्या दिवशी चंद्रकला आणि वस्तीतल्या बायका दुष्काळी कामावरून घमेली घेऊन थेट आल्या. चंद्रकला निंबाखाली थांबली नाही. तिने सतरंजीच्या कडेला मला पालथे घातले आणि ती माझ्यावर बसली.

"अवं चंद्रकला, हे का करून राहिली तू?" भाऊरावांनी विचारले.

"बसून राहिली, भाऊ. उभ्या मानसाचा हात दिसत नाही तुमाले."

"पन हे तं घमेलं हाय!"

"मंग? नवरीले पाट असते, मजुरनीले घमेलं."

माणसे हसली. निंबाखालच्या बायकाही हसल्या आणि मग एकेक करून पुढे आल्या. धडाधड घमेली पालथी पडली. तो आवाज मला आजही ऐकू येतो.

भाऊरावांचा चेहरा उतरला. "लेकरावानी वाढोले झाडं म्या," ते म्हणाले. "डोळ्यापुढं मरून राहिले."

"ते झाडं म्या बी खुरपले, भाऊ," चंद्रकला शांतपणे म्हणाली. "ते मरावे असं नाही वाटत मले. पन विहीर आटली तं आमची वस्ती गाव सोडन. मंग बागेत राबन कोन? बंधारा खाली घ्या. विहीर भरली का बैलगाडीनं टाक्या भरून न्या झाडाइले. आमी नाही म्हनत नाही."

तेवढ्यात अजून निंबाखालीच डोक्यावर पदर घेऊन उभ्या असलेल्या कलाबाई पुढे आल्या. त्या भाऊरावांच्या भावजय. त्यांचे लहानसे वावर खालच्या वळणापाशीच होते.

"सरक वं चंद्रकले," त्या म्हणाल्या आणि सतरंजीवर तिच्याशेजारी बसल्या.

"वयनी, तुमी बी?"

"वावर माह्यं हाय ना, भाऊजी? मंग बोलाले का शेजारीन येईन?"

भाऊरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग ओव्हरसियरना म्हणाले, "मोजा साहेब. बसले तेवढे सगळे मोजा."

खालच्या वळणासाठी हात वर झाले. सतरंजीवरचेही काही होते. बंधारा खाली बांधायचे ठरले.

मित्रांनो, त्या बंधाऱ्याचे दगड मी वाहिले. माझ्या बुडाला पोचे पडले ते तेव्हाचे, आणि मी ते दागिन्यासारखे मिरवते. पुढच्या पावसाळ्यानंतर विहीर वैशाखापर्यंत टिकली. टाक्या भरून बैलगाड्या बागेकडे जात. काही झाडे गेली, पण बरीच वाचली.

चंद्रकला गेल्या पौषात वारली. मी बरेच दिवस अंगणात गंजत होते. मग तिच्या मुलीने, इंदूने, मला आत आणले, पुसले आणि तेलाचा हात फिरवला. आता मी कामाचे नाही, हे तिला माहीत आहे.

पण मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो वेगळ्याच दिवसाचा. बंधाऱ्यानंतर पहिली सभा भरली, नाल्याकाठी झाडे कोणती लावायची हे ठरवायला. भाऊरावांचा माणूस वस्तीत येऊन साऱ्यांना बोलावून गेला. ओट्यावर एकीला लागून दुसरी सतरंजी अंथरली आहे, असेही त्याने सांगितले. चंद्रकला निघाली, मला उचलायला वाकली, थांबली, आणि हसून मला भिंतीशीच ठेवून गेली.

म्हणून एवढेच मागणे आहे. पाण्याचे, झाडांचे काही ठरवायला बसाल, तेव्हा जे पाणी भरतात आणि झाडे खुरपतात त्यांच्यासाठी सतरंजी आधी अंथरा. माझ्यासारख्या घमेल्यांना त्या दिवशी घरीच राहू द्या.