स्टिअरिंगमधला परका आवाज

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीतला छोटा लाल दिवा आहे. बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर फुगा, असं माझं चित्र. किल्ली फिरली की मी क्षणभर पेटतो. तेवढ्यात गाडीतली कंट्रोलपेटी प्रत्येक एअरबॅगला साद घालते. सगळ्यांची ओ आली की मी विझतो. एखादी मुकी राहिली, तर पेटूनच राहतो.

पहिल्या मालकाच्या हातून गाडी झाडावर आदळली. डोळ्याचं पातं लवायच्या आत स्टिअरिंगमधली एअरबॅग फुगली, मालक वाचला, आणि ती टाकलेल्या कातीसारखी लोंबत राहिली. मी पेटलो तो पेटलोच.

पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये कुणीतरी स्टिअरिंग उघडलं, पुन्हा मिटलं. किल्ली फिरली. पेटीनं साद घातली, आणि आतून ओ आली! सूर तोच. पण एअरबॅग तर कोपऱ्यातल्या कचऱ्यात पडलेली मला दिसत होती. मग आतून बोललं कोण? विचारायला मला तोंड नव्हतं. मी विझलो.

कंग्राळीच्या मंगलनं ती गाडी घेतली. निपाणीच्या एका दवाखान्यात ती नर्स होती. रोज गुणगुणत गाडी चालवायची. तिच्या छातीपासून हातभर अंतरावर ते परकं काहीतरी गपगुमान ओ देत राहायचं.

एकदा तवंदी घाटात चाक खड्ड्यात आदळलं. आतली ओ थांबली. मी भर उन्हात पेटलो.

उद्यमबागेतल्या गॅरेजात सौम्या या मेकॅनिकनं स्कॅनर जोडला. मंगलसोबत तिचा नवरा रविराजही आला होता.

"स्टिअरिंगच्या एअरबॅगच्या बिघाडाचा कोड हाय, आण्णा. वायर तुटल्यागत दाखवतंय."

"पुसून टाक की गं. दिवा इजला म्हंजे झालं," रविराज म्हणाला.

तिनं कोड पुसला. मी विझलो आणि लगेच पुन्हा पेटलो. मग तिनं बॅटरीची वायर सोडवली, थोडा वेळ जाऊ दिला आणि स्टिअरिंगचं झाकण काढलं.

आत रिकामी जागा भरायला घडी घालून कोंबलेलं एक हिरवं लुगडं होतं. वायरीच्या टोकाला तांदळाएवढा रेझिस्टर, एक पाय तुटलेला.

"एअरबॅग न्हायच," सौम्या हळूच म्हणाली. "ह्योच पेटीला फसवत हुता. एअरबॅगएवढाच विजेला अडवतोय, म्हणून पेटीला ती हाय असंच वाटायचं."

मंगलनं लुगड्याला बोट लावलं आणि चटका बसल्यागत मागं घेतलं. "ह्याच्या भरवशावर मी रोज जात हुते व्हय?"

रविराज कुजबुजला, "असलाच दुसरा रेझिस्टर बसवू आन् गाडी इकून टाकू."

"आपल्याला बी कुणीतरी असंच इकली न्हवं?" मंगल म्हणाली. "पुढं हितं बसणारी बाई मला आत्ताच दिसायला लागलीया. नवी एअरबॅग बसवा."

रविराजनं मान खाली घातली. एअरबॅग येईपर्यंत मंगल बसनं निपाणीला गेली.

आता मी विझतो तो खरं सांगून विझतो. मित्रांनो, पेटून राहिलो तर आमचं तोंड बंद करू नका, का पेटलो ते विचारा. काही गाड्यांत तर माझ्या भावंडांची वायरच कापलेली असते. म्हणून किल्ली फिरवाल तेव्हा आम्ही आधी पेटतो का ते पाहा, आणि मग विझतो का ते पाहा. विझलेला दिवा आणि मेलेला दिवा, दोघे अगदी सारखे दिसतात.