आत्म्याच्या अंगातला कोट

पालीच्या बाजारामागच्या काजूच्या बागेत त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. रत्नागिरीकडून एस्ट्या भरभरून येत होत्या आणि उतरलेला प्रत्येक जण छातीशी एकेक तसबीर धरून मांडवाकडे धावत होता. मांडवात छायानंद महाराज बसले होते. हे महाराज कुणाचा आजार काढत नसत की गुप्तधन काढत नसत. ते मेलेल्या माणसांचे फोटो काढत.

रीत अशी होती. गेलेल्या माणसाचा घरातला फोटो आठवडाभर महाराजांच्या पायाशी ठेवायचा. मग महाराज घरच्या माणसांना ओळीनं उभं करून एका चंदेरी कॅमेऱ्यानं त्यांचा फोटो घेत आणि कॅमेरा घेऊन मागच्या ‘सिद्धकक्षात’ जात. आतून घरघर ऐकू येई. तो ब्रह्मनाद, असं शिष्य सांगत. थोड्या वेळानं ताजा फोटो बाहेर येई आणि त्यात गेलेला माणूस घरच्यांत येऊन उभा राहिलेला असे. भारनियमनाच्या वेळेत मात्र आत्मे येत नसत. तेव्हा महाराज वामकुक्षी घेत.

“आत्म्याला ऊन लागत नाही, वारा लागत नाही,” महाराज माईकवरून गर्जत होते, “पण माझा फ्लॅश लागतो! स्वर्गात असो, नरकात असो, एक क्लिक मारला की हजर! बोला, कोणाचं कोण गेलंय?”

“आला गो बाय, माजा लवू आला!”

ही किंकाळी हौसाची. पालीजवळच्या वाडीतली ही म्हातारी. तिचा एकुलता एक मुलगा लवू मुंबईत कामाला होता. गेल्या वर्षी तिकडेच काविळीनं गेला. मातीलासुद्धा हौसाला पोचता आलं नव्हतं. आता तिच्या हातातल्या फोटोत एका बाजूला ती होती, दुसऱ्या बाजूला सून विमला होती, आणि मधोमध काळ्या कोटात लवू उभा होता.

महाराजांनी फोटोवर बोट ठेवलं. “बघ माउली, तोंड कुणाकडे? आईकडे. पाठ कुणाकडे? बायकोकडे! अरे, मेल्यावरसुद्धा त्याला हिचं तोंड बघवत नाही. हिनंच खाल्लाय त्याला. अमावास्येच्या आत हिला घराबाहेर काढ, नाहीतर पोरगा भटकत राहील.”

गर्दी हळहळली. विमला खाली मान घालून उभी होती. माहेरी तिचं कुणी उरलं नव्हतं. या घरातून निघाली तर जायचं कुठे, हे महाराजांना विचारण्याची तिची हिंमत नव्हती.

हौसानं सांगितलं म्हणून रत्नागिरीहून आलेल्या पद्मजाबाई आठल्यांनी तिच्या मागे उभं राहून तो फोटो पाहिला. तो कोट त्यांनी ओळखला.

पद्मजाबाई रत्नागिरीला झाडगावात राहत. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान हरिहरराव कोर्टात शिरस्तेदार होते, त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा सलिल अमेरिकेला गेला. जाताना आईला कंपनी म्हणून आपला कॉम्प्युटर आणि स्कॅनर ठेवून गेला. आधी बाईंनी त्यावर विणलेला रुमाल घातला. मग एका दुपारी कंटाळून रुमाल काढला आणि फोटोशॉपशी त्यांची गट्टी जमली. जुन्या फोटोंवरचे बुरशीचे डाग पुसता पुसता माणसं कापून दुसरीकडे चिकटवणं त्यांना कधी जमायला लागलं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. सलिलनं बर्फातल्या घराचा फोटो पाठवला, बाईंनी अंगणात हरिहररावांना उभं केलं. कुणी काश्मीरला गेलं, बाईंनी त्या शिकाऱ्यात हरिहररावांना बसवलं आणि शेजारी स्वतः बसल्या. रत्नागिरीबाहेर दोघं फारशी कधी गेलीच नव्हती. आता कॉम्प्युटरवर त्यांचा संसार जगभर हिंडत होता. ही चित्रं त्यांनी कुणाला दाखवली नव्हती. दाखवायला कुणी येतही नव्हतं. आठवड्याच्या बाजाराला भाजी घेऊन येणारी हौसा काय ती पायरीवर टेकायची, तेवढंच माणसाचं बोलणं कानावर पडायचं.

लवू गेल्यावर हौसा त्याच्या लग्नातला ग्रुप फोटो घेऊन त्यांच्याचकडे आली होती. “वैनी, भिंतीवर लावायला ह्येचा एकट्याचा फोटो करून द्या. सूनबायला काडा त्यातना. जित्या मानसाला हार कसा घालू? आनि जरा सायबासारका करा त्येला.” बाईंनी विमलाला कापून काढलं, लवूचं बाशिंग पुसलं आणि त्याला कोट चढवला. कोट कुठला? हरिहररावांच्या निरोपसमारंभातला. मूळ फोटोत कोटावर भला मोठा हार होता, त्यामुळे बटणं दिसत नव्हती. ती बाईंनी अंदाजानं काढली, शर्टाला असतात तशी एकाखाली एक पाच. उघड्या गळ्याच्या कोटाला अशी पाच बटणं जगात कुठला शिंपी लावत नाही.

आणि आता लवूचा आत्मा स्वर्गातून येताना तीच पाच बटणं लावून आला होता!

“महाराज,” पद्मजाबाई पुढे झाल्या, “हा कोट कुठला हो?”

“दिव्य वस्त्र आहे ते, माई. परलोकात मिळतं.”

“परलोकात कसलं? माझ्या यजमानांचा आहे तो. मीच घातलाय ह्याच्या अंगात, कॉम्प्युटरवर.”

हशा पिकला. महाराज क्षणभर अडखळले, पण माणूस मुरलेला. त्यांनी बाईंचं मोकळं कपाळ पाहिलं, सोबतीला कुणी नाही हेही पाहिलं. “माई, एकट्याच राहता ना? एकटं माणूस घरात बसून राहिलं की डोक्यात असलं काहीबाही यायला लागतं. हिला प्रसाद द्या रे.”

पुन्हा हशा. बाईंच्या हातावर खडीसाखर पडली. महाराज लबाड होते, पण हे बोलणं खरं होतं, आणि म्हणूनच ते बाईंना फार लागलं.

परतीच्या एस्टीत त्यांच्या मनाची ओढाताण चालली होती. सिद्ध करणं सोपं होतं. लग्नाचा मूळ फोटो त्यांनी स्कॅन करून ठेवला होता, कोटाचाही होता. पण लोक विचारणार, मेलेल्या माणसाला असं उभं करता येतं हे तुम्हाला कसं ठाऊक? मग बर्फातले हरिहरराव दाखवावे लागणार, शिकाऱ्यातले दाखवावे लागणार. म्हातारी मेलेल्या नवऱ्याला घेऊन गावोगाव फिरते म्हणून सगळी रत्नागिरी हसणार. पण न दाखवावं तर विमला घराबाहेर पडणार. आपण एकदा तिला फोटोतून कापलीच आहे, आता घरातूनही कापू द्यायची का? बाईंनी घरी येऊन कॉम्प्युटर लावला.

पुढच्या रविवारी त्या पालीच्या शाळेतल्या हरिश्चंद्र गुरुजींना बरोबर घेऊन मांडवात आल्या. गुरुजींनी शिष्याच्या हातातून माईक घेतला. बाईंनी एक मोठा फोटो वर धरला. त्यात हौसा उभी होती आणि तिच्या मागे, फुलांचा हार घालून, खुद्द छायानंद महाराज!

“मंडळी,” बाई म्हणाल्या, “महाराजांना देवाज्ञा कधी झाली? मला तर इथे समोर बसलेले दिसतात.”

पहिल्यांदा मागची पोरं हसली, मग सगळा मांडव. “हौसा लग्नाच्या फोटोतली, महाराज त्यांच्या जाहिरातीतले. घरी बसून जोडले मी.” मग बाईंनी एकेक फोटो लोकांच्या हाती दिला. लग्नाचा ग्रुप, हारातला कोट, कोटातला लवू, आणि शेवटी हौसाच्या हातातला महाराजांचा चमत्कार. “तुम्ही पायाशी ठेवलेला फोटो हे आत नेऊन मशीनवर घालतात, माणूस कापतात, तुमच्या फोटोत चिकटवतात. घरघर येते ती प्रिंटरची. वीज नसली की आत्मा येत नाही, तो का, हे आता कळलं?”

“तुमाला हे कसं येतं पण?” गर्दीतून कुणीतरी विचारलंच.

बाईंनी पिशवीतून बर्फातले हरिहरराव काढले. “हे माझे यजमान. हे कधी अमेरिकेला गेले नाहीत. मी त्यांना तिथे नेऊन उभं केलं. चार वर्षं मी दुपारभर हेच करत्ये. हात बसलाय माझा. पण ह्यातला एकही फोटो माझ्याशी कधी बोलला नाही. बोलेल असं वाटून मी करत असेन, तर ते माझं वेडेपण. पैसे घेऊन दुसऱ्याला तसं वाटायला लावणं ही लबाडी.”

या वेळी कुणी हसलं नाही.

तेवढ्यात चार तरुणांनी सिद्धकक्षाचं दार उघडलं. आत कॉम्प्युटर होता, स्कॅनर होता, प्रिंटर होता आणि चौकटीतून काढलेल्या फोटोंचा ढीग होता. महाराज लघवीला म्हणून उठले ते काजूच्या बागेतून पळाले. पण नाक्यावर गुरुजींनी आधीच बोलावलेले पोलीस उभेच होते.

सुनेला घेऊन पुन्हा मांडवात आलेली हौसा मात्र जागची हलली नव्हती. “मना ठावक व्हता,” ती बारीक आवाजात म्हणाली. “कोट तुमीच घातलात, त्या मना ठावक व्हता वैनी. पन म्हटला, येतोय तर कोटात येव दे. तुमी कशाला सांगितलात?”

पद्मजाबाई तिच्याजवळ गेल्या. त्यांनी लग्नाचा मूळ फोटो तिच्या हातात दिला. “हौसा, हा नीट बघ. सगळे कॅमेऱ्यात बघतायत. तुझा लवू कुठे बघतोय?”

हौसानं फोटो डोळ्यांजवळ नेला. बाशिंग बांधलेला लवू मान वळवून शेजारच्या नवरीकडे बघत होता. हसू दाबत होता. बाईंनी नवरीला कापलं म्हणून त्याची नजर मोकळी पडली होती, आणि महाराजांनी त्या नजरेपुढे आईला उभं करून सुनेकडे त्याची पाठ केली होती.

“हिच्याकडं बगतोय,” हौसा म्हणाली. मग पदरानं डोळे पुसून तिनं विमलाचा हात धरला. “चल गो, घरी चल.”

छायानंद गेला, पण उद्या दुसरा कुणी येईल. त्याच्याकडे याहून भारी मशीन असेल. म्हणून एवढंच लक्षात ठेवा. गेलेलं माणूस कुठल्याही यंत्रातून, मंत्रातून परत येत नाही. कुणी आणून दाखवलं तर आधी विचारा, मूळ फोटो कुठे आहे? आणि ज्या घरातलं माणूस गेलंय, ते घर आपल्या आळीत कुठलं, हे बाबांना बरोबर ठाऊक असतं. आपल्याला ठाऊक असूनही आपण तिथे जात नाही. त्या पायरीवर जाऊन बसा, चहा मागून घ्या. महाराजांच्या आधी आपण पोचलो पाहिजे.