ओके दाबलं की जातं

पहिल्यांदा ती ओळ उमटली तेव्हा आम्ही दवाखान्याच्या वाटेवर होतो. स्टिअरिंगमागच्या छोट्या पडद्यावर पिवळं चित्र पेटलं, टुंग असा आवाज झाला आणि खाली अक्षरं आली: द्रव भरा, २४०० किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही. मी घाबरून ब्रेक दाबला. मागचा ट्रकवाला हॉर्न बडवायला लागला.

"अहो, हे काय म्हणतंय बघा!"

"काही नाही गं," हे म्हणाले. "नव्या गाड्यांना तोंड फार. ओके दाबलं की जातं."

दाबलं. गेलं.

आता ह्यांनी असं म्हटल्यावर मी कशाला शंका घेऊ? बत्तीस वर्षं ह्या माणसाने बसच्या वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनं खोलली. लोक फोनवरून इंजिनाचा आवाज ऐकवायचे आणि हे जेवता जेवता सांगायचे, डिझेलच्या पाइपात हवा धरली आहे, काढा. मी गाडी शिकले ती चौपन्नाव्या वर्षी, तीही गळ्यात पडली म्हणून. गेल्या वर्षी ह्यांच्या दोन्ही किडन्यांनी हात वर केले आणि डायलिसिस मागे लागलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. जायला अडतीस किलोमीटर, यायला अडतीस. ह्यांचं ब्लडप्रेशर कधी कोसळेल नेम नाही, म्हणून ह्यांना गाडी चालवायला बंदी. लेक लांब राहते. तिने तिथूनच हुकूम सोडला, "आई, नवीच गाडी घे, जुनी रस्त्यात बंद पडली तर बाबांना कोण नेणार?" उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! पण घेतली. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, कारण काढायचं ठरवलं की नेमका डायलिसिसचा दिवस असतो.

पहाटे पाचला उठायचं. ह्यांना मोजून चहा द्यायचा, कारण दिवसभरात सगळं मिळून लिटरभरच पाणी पोटात जायला हवं. साडेसहाला निघायचं. आठ ते बारा हे मशीनला जोडलेले आणि मी बाहेरच्या बाकावर. तो बाक कुणी बनवला त्याला एकदा तरी चार तास त्यावर बसवायला हवं. परतताना हे पिळून काढलेल्या फडक्यासारखे होतात, मान खिडकीला टेकून तोंड उघडं टाकून झोपतात. घरी आल्यावर पायात गोळे येतात, मग तेल लावून पोटऱ्या चोळायच्या. बुधवारी थोडं माणसात येतात, एखादा विनोद करतात, की गुरुवार उजाडलाच. माझ्या डाव्या खांद्याने तर कधीच राजीनामा दिला आहे, पण तो मंजूर कोण करणार?

आकडा उतरत होता. १५०० ला परत टुंग झालं. "ओके दाब," हे म्हणाले. ९०० ला झालं. "कंपन्यांना धंदा हवा असतो," असं म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. ४०० ला मी म्हटलं, एकदा शोरूमला फोन करते. तर म्हणाले, "माझ्यापेक्षा त्या टायवाल्यांना जास्त कळतं का?" मी फोन केला नाही. नवऱ्याच्या धंद्यात नाक खुपसू नये हे मी लग्नानंतर पहिल्या महिन्यातच शिकले होते.

त्या गुरुवारी गाडी सुरू केली तर चित्र लाल. आकडा ८०. मी ओके दाबलं. गेलं नाही. परत दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. लाल ते लालच.

"अहो, हे जात नाहीये."

"चल तू."

आठ किलोमीटरवर हायवेचा पंप आहे. तिथवर मी जीव मुठीत धरून आले. पंप दिसला आणि मी इंडिकेटर दिला.

"कशाला थांबतेस?" ह्यांनी डोळे न उघडताच विचारलं. "उशीर होईल. आज जाऊन घरी येऊ, चार उरतात."

मी गाडी हवेच्या मशीनपाशी लावली. चावी फिरवली. इंजिन बंद झालं आणि मग ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. चार उरतात. पडदा माझ्यासमोर, आकडे मी वाचायची, आणि ह्यांचे डोळे मिटलेले. पंपापर्यंत आठ, पुढे तीस, परत अडतीस. ऐंशीतून शहात्तर गेले. हा माणूस एकेक फेरी वजा करत बसला होता.

मी उतरले. पंपावरचा माणूस पन्नाशीचा, खांद्यावर फडकं, चालताना एक पाय ओढत चालणारा. मी त्याला लाल चित्राचं सांगितलं. त्याने गाडीत डोकावून पाहिलं आणि चेहरा उजळला.

"मिस्त्री! अहो वहिनी, मला काय विचारता, घरात एवढा मोठा माणूस असताना! आठ वर्षं ह्यांच्या हाताखाली होतो मी."

हे किंचित हसले. "कसा आहेस?"

"बरा आहे. मिस्त्री, आमच्या बॅचला तुम्हीच शिकवलंत की हे. वहिनी, ह्यात युरियाचं पाणी लागतं. डिझेलच्या टोपणाशेजारी निळं टोपण असतं ना, त्यात. धुरातलं विष मारायला सायलेन्सरच्या वाटेवर त्याचा फवारा उडतो. संपलं की सरकारी नियमच आहे, गाडी परत सुरूच होत नाही. मिस्त्री सांगायचे, चुकून हे डिझेलच्या टाकीत ओतलंत तर आधी इंजिन जाईल आणि मागोमाग तुमची नोकरी."

"युरिया?" मी विचारलं. "ह्यांच्या रक्तातून चार चार तास काढतात तो?"

"तोच. पण हा विकतचा, शुद्ध." तो हसला. मग ह्यांच्या हातावरच्या सुयांच्या पट्ट्या त्याला दिसल्या आणि त्याचं हसू मावळलं. "दहा लिटरचा कॅन आहे आत. गोदामाची किल्ली शोधतो, बसा तुम्ही."

मी गाडीत येऊन बसले. दार लावलं. काच वर केली.

"तुम्हाला माहीत होतं."

हे समोर पाहत राहिले. हवेच्या मशीनची नळी वाऱ्याने हलत होती.

"अहो, मी तुमच्याशी बोलते आहे. उद्या बाजारात जाऊन आले असते की ते चारही संपले असते, शनिवारी गाडी सुरू झाली नसती. अडीच महिने तुम्ही मला ओके दाबायला लावलंत. का?"

"सुरू झाली नसती, एवढंच," हे हळूच म्हणाले. "तू फोनाफोनी केली असतीस, कुणी आलं नसतं. एक शनिवार हुकला की मंगळवारी नको म्हणणं सोपं गेलं असतं. लेकीला सांगता आलं असतं, गाडी बंद पडली. कुणावर ठपका नाही."

माझं डोकं सणकलं. "आणि मी? मी काय करायचं होतं, तुम्हाला सुजताना बघत बसायचं? तोंड दिलंय ना देवाने? मला नको झालंय, एवढं म्हणता येत नव्हतं?"

"म्हणून बघितलं असतं, तर तू रडली असतीस."

"मग रडले असते! तो माझा हक्क आहे!"

"ओरडू नकोस. बाहेर ऐकू जातंय."

"जाऊ दे ऐकू!"

ह्यांनी मान वळवली आणि दिवसात पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि तुला वाचता येत नाही का गं? इंजिन सुरू होणार नाही, असं स्वच्छ लिहिलेलं असायचं. दर वेळी मोठ्याने वाचून दाखवायचीस मला."

चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणणार होते मी. शब्द ओठांवर आलाही होता. पण तो बाहेर पडेना. कारण चोर एकटे हे नव्हते.

आता खोटं कशाला बोलू. दोन महिन्यांपूर्वी, त्या बाकावर बसले असताना, मी गाडीचं पुस्तक आणून वाचलं होतं. त्या चित्राचं पान मला सापडलं. द्रव संपल्यास इंजिन पुन्हा सुरू होत नाही, इतकं वाचलं. काय भरायचं, कुठे भरायचं, ते पुढच्या पानावर होतं. ते पान मी उलटलं नाही. पुस्तक मिटलं आणि परत गाडीत ठेवून दिलं.

मी हे सगळं ह्यांना सांगितलं. सांगताना आवाज माझाच वाटेना.

"का मिटलंस?"

"मला वाटलं, एक दिवस गाडी आपण होऊनच नाही म्हणेल. मग मी आठ वाजेपर्यंत झोपेन." नाक पुसायला रुमाल सापडेना, पदरच घेतला. "तुम्ही जावं असं नव्हतं हो मनात. शपथ सांगते. मला फक्त एक शनिवार हवा होता."

 मग ह्यांनी पट्ट्या लावलेला हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला. त्या हातातली शीर डायलिसिससाठी फुगवलेली आहे, सतत थरथरते. मला ती थरथर नकोशी वाटते, पण मी हात काढला नाही.

"मी दमलो गं," हे म्हणाले. "दुखतं म्हणून नाही. रोजचं मोजणं. पाणी मोजा, मीठ मोजा, वजन मोजा. आणि तुझ्याकडे बघवत नाही. पंचावन्नची आहेस, सत्तरीची दिसतेस."

"छान! सकाळी सकाळी काय पण कौतुक!"

हे हसले. मलाही हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ पुन्हा रडू. असं किती वेळ चाललं कोण जाणे. पंपवाला पांढरा कॅन घेऊन आला, आमची तोंडं बघितली आणि लांबच उभा राहून फडक्याने कॅन पुसत बसला.

"हे दहा लिटर किती दिवस जातं?" मी विचारलं.

"हजार किलोमीटरला लिटरभर धर." ह्यांचे ओठ हलले. हिशेब करताना ह्यांचे ओठ हलतात. "दहा हजार. आपलं आठवड्याला सव्वादोनशेच्या वर. म्हणजे चव्वेचाळीस आठवडे."

"मग?"

"इतके नाही जमायचे गं मला."

 तरी मी विचारलं, "किती जमतील?" मंडईत भाव करावा तसं विचारलं आणि विचारल्यावर माझीच मला लाज वाटली.

ह्यांनी मात्र खरंच विचार केला. बराच वेळ केला. घड्याळात सात वाजत आले होते आणि मी पहिल्यांदाच घाई केली नाही.

"अर्धा घाल," हे म्हणाले. "बावीस आठवडे. टाळाटाळ न करता येईन मी. परत लाल दिवा लागला की मला विचार. तेव्हा हो किंवा नाही, तुझ्या तोंडावर सांगेन."

"आणि नाही म्हणालात तर?"

"तर भांडू नकोस."

"भांडेन."

"बरं. थोडंसं भांड."

मी उतरले. हेही दार धरून, गाडीला टेकत टेकत मागे आले. मी नको म्हटलं तर म्हणाले, तू सांडशील, सांडलं की पांढरे डाग पडतात. निळं टोपण ह्यांनीच फिरवलं. कॅनची नळी नीट बसवून दिली आणि मग मला उचलायला सांगितलं, कारण दहा किलो आता ह्यांना पेलत नाही. कॅनच्या अंगावर रेघा होत्या. ह्यांनी पाचाच्या रेघेवर नख टेकवून धरलं. पाणी खाली सरकत सरकत नखापाशी आलं, तसा मी कॅन सरळ केला.

"वहिनी, सगळं ओता की," पंपवाला म्हणाला. "उरलेल्याचं काय लोणचं घालायचंय?"

"नको," मी म्हणाले. "ह्यांनी एवढंच कबूल केलंय."