मी बँडवाल्याचा कोट नव्हे

मी एक जुना लष्करी कोट आहे, आणि मित्रांनो, पुढचं ऐकण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: मी लग्नातल्या बँडवाल्याचा कोट नाही. हे मला या वयात सांगावं लागतं, याचाच मला वैताग आहे.

माझा जन्म रशियातला, पीटर्सबर्गच्या एका नावाजलेल्या शिंप्याकडचा. हिरवी लोकरी बनात, लाल कॉलर, खांद्यांवर सोनेरी कलाबूत आणि छातीवर पितळेची आठ बटणं. घोडदळातले तरुण अधिकारी काउंट निकोलाय वेरेस्कोव यांच्यासाठी मला शिवलं. मोठं सरदार घराणं ते. साहेबांची बटणं लावायलासुद्धा एक नोकर होता. परेडमध्ये लोक माझ्याकडे वळून बघत आणि साहेबांना वाटे, आपल्याकडेच बघताहेत.

मग महायुद्ध आलं, पाठोपाठ क्रांती. वाडे गेले, घोडे गेले. क्रिमियाहून शेवटच्या बोटींपैकी एकीत साहेब चढले ते मला अंगात घालूनच. फिरत फिरत ते इंग्लंडात रीडिंग नावाच्या गावी पोचले आणि स्टेशनवर प्रवाशांच्या बॅगा सांभाळायच्या खिडकीत कामाला लागले. त्यांना रेल्वेचा गणवेश मिळाला. मी पेटीत गेलो.

वर्षातून एकदा, रशियन ईस्टरला, मला बाहेर काढत. आता नोकर नव्हता. त्यांची धाकटी लेक वेरा खुर्चीवर चढून बटणं लावायची. इंग्लिश लोण्याने साहेबांचं पोट सुटलं होतं, त्यामुळे आठवं बटण काही केल्या लागत नसे. बाईसाहेब म्हणत, शिवण थोडी सैल करते. साहेब म्हणत, "कोट आहे तसाच राहील. पुढच्या वर्षी मीच बारीक होईन." चाळीस वर्षं मी हे ऐकलं. ते बारीक झाले नाहीत, आणि एका हिवाळ्यात वारले.

त्यानंतर वेरा दर ईस्टरला मला खुर्चीच्या पाठीवर चढवायची आणि सात बटणं लावायची. आठवं तसंच सोडायची. तिच्यापाशी वडिलांचं एवढंच उरलं होतं.

दोन हजार सहा साली ऐंशी उलटलेल्या वेराला खुब्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात जावं लागलं. शेजारी पुण्याची मनीषा राहायची, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी. वेरा तिला म्हणाली, "माझ्या घरात ओल आहे. ईस्टरपर्यंत बाबांना तुझ्याकडे ठेव." मनीषाने मला पाहुण्यांच्या खोलीत दारामागे टांगलं. त्या खोलीत तिच्या सासूबाई, सुलक्षणाबाई, सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या. माझे ग्रह इथे फिरले.

एके दिवशी कुठल्याशा धर्मादाय संस्थेची रिकामी पिशवी दारातून आत पडली. तिकडे अशा पिशवीत जुने कपडे भरून दाराबाहेर ठेवतात, गाडी येऊन घेऊन जाते आणि संस्था ते आपल्या दुकानात विकते.

"आई, माझे जुने स्वेटर आणि लेगिंग्ज भराल का यात? माझा कॉल आहे," मनीषा म्हणाली.

सुलक्षणाबाईंनी ते भरले, मग मला पाहिलं. "हा कुणा बँडवाल्याचा कोट इथे कशाला?" असं पुटपुटत त्यांनी मलाही कोंबलं. ज्या कोटापुढे पलटणी सलाम ठोकत, तो बाळंतपणातल्या लेगिंग्जखाली. वर सुलक्षणाबाई गाडीची वाट बघत दारात उभ्या राहिल्या. बोहारणीला कपडे दिले की भांडं मिळतं, इतकाच त्यांचा अनुभव. गाडीवाला "थँक यू, लव" म्हणून गेला तेव्हा त्या बघतच राहिल्या.

संध्याकाळी मनीषाने विचारलं, "आई, दारामागचा कोट कुठेय?"

"बँडवाल्याचा ना? दिला. बदल्यात साधा चमचा नाही दिला मेल्याने."

"अहो आई, तो वेराच्या वडिलांचा आहे. शी इज कमिंग होम ऑन फ्रायडे. तिच्याकडे त्यांचं दुसरं काहीच नाहीये."

सुलक्षणाबाईंच्या अंगात त्यांच्या वारलेल्या यजमानांचा बटणांचा स्वेटर होता. त्यांनी तो गळ्याशी घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच बसने संस्थेच्या दुकानात आल्या. मी काचेत उभा होतो, एका पुतळ्याच्या अंगात, आणि त्याच्या गळ्यात कोणीतरी खेळण्यातला ढोल अडकवला होता. माझा संताप काय वर्णू? आठवं बटणही पिशवीत कुठेतरी तुटून गेलं होतं. सुलक्षणाबाईंनी पुण्याहून आणलेलं कोरं स्टीलचं पातेलं काउंटरवर ठेवलं. "धिस फॉर कोट. माय मिस्टेक. फ्रेंड्स फादर." दुकानातल्या बाईने पातेल्याकडे पाहिलं, त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मला उतरवलं. पातेलं ती परत देत होती, पण सुलक्षणाबाईंनी घेतलं नाही.

ईस्टरला वेराने मला खुर्चीवर चढवलं. सात बटणं लावली आणि ती थांबली. आठव्या जागी एक चॉकलेटी, प्लॅस्टिकचं बटण होतं. मागे सुलक्षणाबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या स्वेटरला एक बटण कमी होतं.

"हे कोणाचं?" वेराने विचारलं.

"माय हजबंड," त्या म्हणाल्या. "सॉरी."

वेराने बराच वेळ त्यावर अंगठा फिरवला. मग तिने ते बटण काजात सरकवलं. इंग्लंडात आल्यापासून माझ्या अंगावरचं ते काज तेव्हा पहिल्यांदा मिटलं.

"झालात बारीक एकदाचे," ती म्हणाली, आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून रडल्या.

मित्रांनो, दारामागे टांगलेली वस्तू पिशवीत भरण्याआधी घरात एकदा विचारत जा. हिरव्या बनातीवर चॉकलेटी प्लॅस्टिक मुळीच शोभत नाही, हे मलाही कळतं. पण पितळेचं आणून लावायला कोणी आलं, तर मी लावू देणार नाही.