दर मंगळवारी बॅटरी

माझी जीभ तिखट, हे धक्क्यावरचा कुणीही सांगेल. पण बोटीतल्या बॅटरीशी मी कधी आवाज चढवून बोलले नाही. नवरा गेल्यापासून दोन वर्षं, दर मंगळवारी मी तिला चार्जिंगला लावते आणि चार तास शेजारी बसून तिच्याशी गप्पा मारते. घरी बोलायला आहे कोण? भिंती!

रविवारी मुलाचा फोन आला. "आई, उद्या दहाला गिऱ्हाईक येतंय. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं तरच बोट घेईन म्हणतोय. तेवढं बघ."

"बघते," म्हटलं. बोट गेली की मी जायचं कुठे?

दुपारीच बोटीवर गेले, केबिनचे सगळे दिवे लावले आणि तसेच जळत ठेवून घरी आले. सकाळपर्यंत बॅटरी उतरेल, इंजिन नुसतं कण्हेल, गिऱ्हाईक तोंड वाकडं करून जाईल. हाक ना बोंब! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दोन घास जास्तच जेवले.

पहाटे पाचलाच डोळा उघडला. नवरा म्हणायचा, "बॅटरी पार उतरवून ठेवणं म्हणजे मुकं जनावर उपाशी बांधणं. एक-दोनदा सोसते, मग कायमची बसते." झालं, झोपेचं खोबरं! स्वतःला शिव्या घालत चपला सरकवल्या.

केबिनमधले दिवे निखाऱ्यासारखे लालसर झाले होते. मला रडूच आलं. "चुकलं गं माझं," म्हटलं. दिवे बंद केले, सगळी झाकणं, खिडक्या उघडल्या. चार्जिंगला निघणारा गॅस कोंडला तर एका ठिणगीचं काम. बोटातली अंगठी काढली. बॅटरीतलं पाणी पाहिलं, आतल्या पट्ट्या बुडालेल्या होत्या. आधी चिमटे लावले, मग चार्जरचं बटण दाबलं, आणि दहापर्यंत तिथेच बसून राहिले.

गिऱ्हाईक वेळेवर आलं. त्यानं किल्लीला हात घातला तेव्हा मी मनात म्हणत होते, नको लागू गं, नको लागू. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं.

"बॅटरी नवी दिसतेय," तो म्हणाला.

"नवी म्हणे! सहा वर्षांची आहे," मी फणकारले.

दुपारी मुलाचा फोन. "आई, कमाल केलीस! इतकी निगा राखलेली बॅटरी पाहिली आणि तो लगेच हो म्हणाला. तू नसतीस ना, तर बोट विकलीच गेली नसती."

"माहितीये मला," म्हटलं. "तू कधी येतोस?"

"बघतो गं," म्हणाला, आणि फोन ठेवला.