बेचाळीस नंबरचा खांदा

पुरातत्त्व खात्यात तिला सगळे हाडवैद्यीण म्हणत. जुन्या दफनभूमीतून निघालेले सांगाडे धुऊन मांडायचे आणि कोणाला काय दुखलंखुपलं होतं ते नोंदवायचं, हे तिचं काम. पेशंट तीनशे वर्षांपूर्वीचे. एक बरं, कुणी गाऱ्हाणं करत नाही.

गाऱ्हाणी घरी होती. अंथरुणाला खिळलेल्या आईचं करता करता सहा वर्षांत तिच्या नाकी नऊ आले होते. या रविवारी आई भावाकडे जायची होती, पण काल त्याचा फोन आला. "ताई, आणखी वर्षभर ठेव ना. तुझ्या हाताला सवय आहे." आज पाचपर्यंत कळवायचं होतं. ती हो म्हणणार होती. भांडायलाही अंगात बळ लागतं.

टेबलावर एक्केचाळीस नंबर होता, तिशीतला पुरुष. पाठीचा मणका मोडून जुळलेला, पायांची हाडं वापराविना काटकुळी झालेली. म्हणजे बिचारा कित्येक वर्षं पडून होता. पाठीखाली जखमा चिघळून हाडापर्यंत जायला हव्या होत्या. तिने माकडहाडावर भिंग धरलं. डागसुद्धा नव्हता. कुणीतरी त्याला रोज, दिवसातून चारचारदा, कुशीवर वळवलं होतं.

तेव्हा तिला त्याच्या शेजारी पुरलेली बेचाळीस नंबरची बाई आठवली. दोन मणके चेपलेले, उजवा खांदा झिजलेला. महिन्यापूर्वी तिनेच लिहिलं होतं: 'ओझी वाहण्याचं काम. बहुधा हमाल.'

त्या बाईच्या हाडांची पेटी काढायला तिने हात वर केला आणि तिच्याच उजव्या खांद्यातून कळ गेली. पेटी फळीवरच राहिली. याच खांद्यावर ती आईला पेलत होती. त्या बाईपुढे तिला ओशाळल्यासारखं झालं, आणि स्वतःची कीवही आली. हाडाची काडं कुणासाठी केली, ते हाड सांगत नाही. शाबीत काहीच होणार नव्हतं. तिने 'बहुधा हमाल' खोडलं आणि कारणाची जागा कोरी ठेवली.

मग फोन लावला. "रविवारी आईला न्यायला ये."

"अगं ताई, तुझ्या हाताला सवय..."

"झीज झालीये रे. आता उचलवत नाही."

 भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "तिला वळवायचं कसं, तेच मला येत नाही."

सहा वर्षांत हे त्याने पहिल्यांदा कबूल केलं होतं.

"मग शनिवारीच ये," ती म्हणाली. "शिकवते."