पखवाजाचं डावं तोंड

दुकानदार मारुतरावांनी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला स्पीकरच्या मोठ्या खोक्यावर ठेवला आणि आवाजाची कळ उजवीकडे फिरवली. टीव्हीवरच्या हेलिकॉप्टरनं घिरटी घातली, तसं पेल्यातलं पाणी थरथरलं आणि दोन थेंब उडून खोक्याच्या काळ्या जाळीवर पडले.

"बघा बिरदेवराव! ह्याला म्हणायचं बारा इंची वूफर. गेलं का नाही हेलिकॉप्टर डोक्यावरनं?"

"गेलं की," बाकावर बसलेले बिरदेवचे वडील भिमाआबा म्हणाले. "पर आमच्या पत्र्यावरनं कशाला न्यायचं त्ये? शेजारच्या शेळ्या दावी तोडतील."

मारुतराव खळखळून हसले. बिरदेवही हसला, पण त्याचं लक्ष खोक्यावरच होतं.

रांजणगावच्या कंपनीत पाळीनं कामाला जाणाऱ्या बिरदेवनं घरातल्या थेटराची जुळणी तुकड्या-तुकड्यानं केली होती. आधी डीव्हीडी प्लेअर आला, मग एका दोस्ताचा अँप्लिफायर, मग पाच लहान स्पीकर. खालचा भरदार आवाज तेवढा राहिला होता. "पिक्चरमधली माणसं समदी नाकात बोलत्यात," असं त्याची बायको प्रतिभा म्हणायची. दिवाळीच्या बोनसात शिरूरच्या या दुकानातलं बारा इंची खोकं बसत होतं, शेजारचं आठ इंचीही बसत होतं. दोघांतलं एकच घ्यायचं, आणि पुन्हा बदलायला यायचं नाही.

नुसता पिक्चर बघायचा असता, तर तो एकटाच आला असता. वडलांना न्हावऱ्याहून एसटीत बसवून आणायचं कारण त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. एक कॅसेट.

भिमाआबांनी चाळीस वर्षं कीर्तनात पखवाज वाजवला होता. कीर्तन उभं राहायच्या आधी ते मांडी घालून बसत, पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावत, थाप मारून कान देत. चिमूटभर काढत, चिमूटभर लावत. डावं तोंड गोठ्यातल्या गाईसारखं हंबरलं, की मगच कीर्तनकार बुवांकडे बघून मान हलवत. गेल्या वर्षी मनगट आखडलं, बोटं ऐकेनात. आबांनी पखवाजाला गवसणी घातली आणि त्या दिवसापासून कीर्तनाला जाणंही सोडलं. देवळातून टाळांचा आवाज यायचा आणि जन्मात एकादशी न चुकवलेला हा माणूस अंगणात दोरी वळत बसायचा. बिरदेवला ते बघवत नव्हतं. आबांचा हात आबांना पुन्हा ऐकवायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. ऐकलं, तर पाय देवळाकडे वळतील.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या सप्त्यातलं काल्याचं कीर्तन त्या कॅसेटवर होतं. त्या दिवशी बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून आबांच्या गळ्यात घातला होता. गाव अजून ते सांगतं. तेव्हाच्या स्पीकरवाल्यानं हे कीर्तन भरून ठेवलं होतं, आणि दौंडला त्याच्या घरी तीन खेपा घालून बिरदेवनं ते मिळवलं होतं.

"मारुतराव, ही लावा जरा."

मारुतरावांनी कॅसेट टेपमध्ये सरकवली. मोठं खोकं घुमलं. दुकान भरून गेलं, फळीवरच्या टॉर्च खुळखुळल्या. बिरदेवची छाती आतून हलली.

"आबा, वळखलं का?"

"बुवा हायती," आबा डोळे मिटून म्हणाले. मग थोड्या वेळानं, हळूच, "पखवाजावर म्याच हाय न्हवं?"

"तुमीच!"

आबांनी आणखी थोडं ऐकलं आणि डोळे उघडले.

"न्हाई रं. ह्यो डबा सोताच बोलतोय. मला बोलू देत न्हाई. कणीक लई झालीया ह्याला. कसली बी थाप मारा, ह्यो आपला एकच हुंकार देतोय. धाकला लावा."

मारुतरावांनी तारा काढून आठ इंचीला जोडल्या. आवाज एकदम आक्रसला. बिरदेवचा चेहरा पडला. पण हळूहळू कान बसत गेला. तळवा पडत होता तो कळत होता, उचलला तोही कळत होता. दोन थापांच्या मधली मोकळी जागासुद्धा ऐकू येत होती. मारुतराव पेला पुसत होते, त्यांचा हात थांबला.

"आबा, हे तुम्ही वाजवलंय?"

"वाजवत व्हतो तवा," आबा म्हणाले. त्यांचा गुडघा हलायला लागला होता.

नामाचा गजर चढला. विठ्ठल, विठ्ठल. टाळ धावू लागले. आणि ऐन भरात पखवाजाची थाप क्षणभर आधीच पडली.

बिरदेवला नुसते टाळ धरता येत, तरी ती चूक त्यालाही कळली. टाळकरी अडखळले. पण बुवांनी विठ्ठलाचं नाव सोडलंच नाही. श्वासावर धरून ते लांबवलं, उंच नेलं, पखवाजाला पाय टेकायला जागा मिळेपर्यंत तसंच अधांतरी ठेवलं, आणि मग अलगद समेवर आणून सोडलं. मांडवातल्या माणसांनी त्या तानेला टाळ्यांचा कडकडाट केला.

मारुतरावांनी बटण दाबून टेप थांबवली.

"जुनी टेप आहे, आबा. ताणली असंल."

"टेप न्हाई ताणली. बुवांनी ताणलं. माझा हात आदी पडला."

रस्त्यावरून एक एसटी घरघरत गेली. बिरदेव खाली बघत होता. एवढ्या खेपा घालून आपण हे काय आणून ऐकवलं, असं त्याला झालं.

"मोठाच घिऊ, आबा," तो घाईनं म्हणाला. "कसा भरून वाजतो! आन् त्यात ह्ये आसलं काय बी कळत न्हाई."

"म्हंजी बुवांचं बी कळत न्हाई," आबा म्हणाले.

बिरदेवनं मान वर केली.

"लेका, म्या त्यांच्या शेजारी हुबा व्हतो. ह्ये, एवढ्या अंतरावर. माझ्या ध्यानात आलं न्हाई, आन् त्यांनी येऊ बी दिलं न्हाई. नंतर जेवायला एका पंगतीला बसलो, तवा बी चकार शबूद न्हाई." आबांनी मान हलवली, उत्तम चीज ऐकल्यावर हलवतात तशी. "काय मानूस म्हनायचा! मारुतराव, मागं घ्या वाईच."

आबा बाकावरून उठले. धाकट्या खोक्यापाशी वाकले आणि जमिनीवरच मांडी घालून बसले. आखडलेला डावा हात त्यांनी खोक्याच्या माथ्यावर ठेवला. गजर पुन्हा चढू लागला. हात हलला. बोटं वाकत नव्हती, नुसता तळवा उठत होता, पडत होता. ती जागा आली. टेपवरची थाप आधीच पडून गेली; आबांचा हात मात्र वरच थांबला. बुवांचा आवाज वर होता तोवर तो हवेत थांबून राहिला, आणि नावाबरोबरच खाली आला.

बिरदेवनं मारुतरावांना बोटानं धाकटं खोकं दाखवलं. मारुतरावांनी सुतळी उचलली, पण बांधायला पुढे झाले नाहीत. आबांचा हात अजून त्या खोक्यावर वाजत होता.